फ्लॅटातली वेधशाळा

वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, ही थट्टा आपल्याकडे फार जुनी. पण वेधशाळा सांगते ते गावाचे हवामान. आपल्या बिऱ्हाडाचे नव्हे. २६ जुलै २००५ च्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला अवघा सुमारे ७३! तेव्हा घरी स्वतःचे हवामानयंत्र असावे, असे कुणाला वाटले तर नवल नाही.

आमच्या घरी हौस चिरंजीवांची, गरज मात्र आईची. पुण्यात आम्ही राहतो अगदी वरच्या मजल्यावर. वैशाखात दिवसभर तापलेली स्लॅब रात्री खोलीत उष्णता सोडत राहते. ऐंशी ओलांडलेली आई म्हणते, “मला काही होत नाही रे!” वाचकहो, उतारवयात उकाडा आणि तहान दोन्ही उशिरा जाणवतात, तिथे शब्दापेक्षा आकडा बरा.

दुकानात वाऱ्याच्या वाट्या, पर्जन्यमापक असा सारा सरंजाम दाखवतात. फ्लॅटवाल्याने तो नमस्कार करून परत द्यावा. पर्जन्यमापकाला उघडे आभाळ लागते; सज्ज्यात निम्मा पाऊस वरचा मजलाच अडवतो. वाराही इमारतीला वळसा घालून येतो. तापमापकाची तर आणखी पंचाईत. ‘ट्रेझर आयलंड’कार स्टीव्हन्सनचे वडील टॉमस यांनी त्यासाठी झडपांची पांढरी पेटी योजली, ती मोकळ्या जागेत, जमिनीपासून वर उभी करतात. सज्ज्यातला तापमापक मात्र भिंतीचाच ताप मोजतो. लावायचाच तर उत्तरेला, भिंतीपासून सुटा, वातानुकूलन यंत्राच्या झोतापासून दूर लावावा. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ उत्तरेलाही ऊन येते, हे ध्यानात असू द्यावे.

घरात बसून इमानाने काम करतो तो वायुभारमापक, कारण हवेचा दाब आत-बाहेर सारखाच. पुण्याच्या उंचीवर तो सुमारे ९५० हेक्टोपास्कल भरतो. म्हणून यंत्र समुद्रसपाटीच्या हिशेबाने लावून घ्यावे लागते. शिवाय आपल्याकडे दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास चढतो नि दुपारी चारच्या सुमारास उतरतो. त्या उतारावरून वादळाचे भाकीत करू नये!

दुसरा सोबती आर्द्रतामापक. त्याची परीक्षा स्वयंपाकघरात होते. झाकणात ओलसर मीठ घ्यावे, ते यंत्रासह घट्ट डब्यात रात्रभर ठेवावे. सकाळी काटा ७५ टक्क्यांच्या आसपास हवा. श्रावणात पुस्तकांच्या कपाटात तो बराच वेळ सत्तरीपुढे राहिला, तर बुरशी आलीच समजा.

आम्ही घेतले ते एवढेच: दाब, उष्णता, आर्द्रता दाखवणारे यंत्र आणि आईच्या खोलीसाठी त्याचा एक बिनतारी जोडीदार. गेल्या वैशाखात रात्री दहाला तिच्या खोलीत ३४ अंश होते, तर दोन्हीकडून वारा येणाऱ्या दिवाणखान्यात ३१. दोन्ही आकडे आईपुढे ठेवले. तिने चष्मा लावून ते नीट वाचले आणि म्हणाली, “मग पलंग हलवा ना! बघत काय बसलात?”