विश्लेषण : स्पिटफायर भारी की मेसरश्मिट? ऑनलाइन लढाईत हा वाद का मिटत नाही?

१९४० च्या उन्हाळ्यात इंग्लिश खाडीवर ब्रिटनचे स्पिटफायर आणि जर्मनीचे मेसरश्मिट बीएफ १०९ एकमेकांना भिडले. ती झुंज ‘आयएल-२ स्टर्मोव्हिक : क्लिफ्स ऑफ डोव्हर’सारख्या खेळांत आजही सुरू आहे. हरणाऱ्याची तक्रार ठरलेली : खेळाने आमच्या विमानावर अन्याय केला!

दोन विमानांत फरक काय?

स्पिटफायरचे पंख मोठे, त्यामुळे पंखांच्या क्षेत्रफळाच्या मानाने त्यांच्यावर भार कमी. ते कमी जागेत वळते. १०९ घेणारा वळणाच्या नादी लागला की बहुधा फसतो. पण सुटकेची वाट त्याच्याकडे असते. त्याच्या डीबी ६०१ इंजिनात इंधन थेट फवारले जाते; स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनाला मात्र कार्ब्युरेटर. नाक झटकन खाली दाबले की त्यातले इंधन वर उसळते आणि इंजिन क्षणभर गुदमरते. जर्मन वैमानिक नेमके हेच हेरून सरळ खाली सूर मारत. ब्रिटिश वैमानिकाला आधी विमान पालथे करून मग मागे जावे लागे, तोवर शत्रू पसार. १९४१ मध्ये बिअट्रिस शिलिंग या महिला अभियंत्याने इंधनाच्या मार्गात वॉशरसारखी लहानशी चकती बसवून हे दुखणे बरेच आटोक्यात आणले. १९४० चे स्पिटफायर निवडणाऱ्या नवख्याला याचा पत्ता नसतो आणि तो खेळालाच दोष देतो.

मग खेळातला निकाल खरा मानावा का?

विमान कसे उडते याचे गणित खेळात बरेचसे जुन्या चाचणी अहवालांवर बेतलेले असते. पण शत्रूचे पकडलेले विमान परक्या वैमानिकाने उडवून केलेल्या नोंदी कितपत विश्वासार्ह? खरी गोम त्यापुढे आहे. लंडनपर्यंत आलेल्या १०९ कडे लढण्यापुरते इंधन जेमतेम दहाएक मिनिटांचे उरे. ब्रिटिश वैमानिक पॅराशूटने बहुधा मायभूमीवर उतरे. जर्मन वैमानिक कैदेत जाई किंवा समुद्रात पडे. जवळजवळ धावपट्ट्या ठेवणाऱ्या सर्व्हरवर हा फरक पुसला जातो.

शिवाय खेळात पडलेला खेळाडू मिनिटभरात नव्या विमानात बसतो. म्हणून तो बिनधास्त वळणांच्या झुंजीत शिरतो. प्रत्यक्षात पडलेल्या अनेकांना मागून आलेले विमान दिसलेही नव्हते.