स्वातीच्या ग्रहावरील मोटार

गणिताच्या पुस्तकांतील उदाहरण आणि व्यवहारांतील अडचण यांत मोठा भेद असतो. उदाहरणांत लागतील तेवढेच आंकडे दिलेले असतात, रीत मागील पानावर सांपडते आणि उत्तर पुस्तकाच्या शेवटीं छापलेलें असतें. अडचण यांपैकीं कांहींच बरोबर घेऊन येत नाहीं. नेमकें काय अडलें आहे, हेंच आधीं शोधून काढावें लागतें. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला पुढें जन्मभर या दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांशीं झगडावयाचें असतें. शिक्षण मात्र त्याला बहुधा पहिल्याच प्रकारचें मिळतें.

हें व्यंग दूर करण्याचा एक धाडसी प्रयत्न अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत झाला. तेथील अध्यापक जॉन आर्नोल्ड यांनीं मानसशास्त्र आणि यंत्रशास्त्र या दोन्ही विषयांचें अध्ययन केलेलें होतें. त्यांनीं विद्यार्थ्यांपुढें एक काल्पनिक ग्रह ठेवला. भारतीय पंचांगांत जिला स्वाती म्हणतात, त्या आर्क्ट्युरस ताऱ्याभोंवतीं फिरणारा हा चौथा ग्रह. तेथील गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या अकरापट. हवेंत मिथेन वायूचें प्राबल्य. रहिवासी पक्ष्यांसारखे, अंड्यांतून जन्मणारे, तीन डोळ्यांचे, हाताला तीनच बोटें असलेले आणि हालचालींत फार मंद. या लोकांच्या उपयोगीं पडतील अशा मोटारी व उपकरणें योजावयाचीं, हा विद्यार्थ्यांचा अभ्यास.

प्रथमदर्शनीं हा पोरखेळ वाटेल. परंतु यांतील मर्म एका उदाहरणावरून ध्यानांत येईल. पृथ्वीवर ताशीं ३० मैल वेगानें जाणारी मोटार सेकंदाला ४४ फूट अंतर तोडते. संकट दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत चालकाचा सुमारें पाऊण सेकंद गेला, तर तेवढ्यांत मोटार ३३ फूट पुढें गेलेली असते. आतां चालक दहापट मंद आहे असें धरलें, तर हेंच अंतर ३३० फूट होईल! तेव्हां एक तर वेग बेताचा ठेवावा लागेल, नाहीं तर चालकाच्या चपळाईवर विसंबून न राहणारी निराळी योजना करावी लागेल. पृथ्वीवरील मोटारीचें चित्र समोर ठेवून नुसता आकार बदलणारा विद्यार्थी येथें फसतो. त्याची चूक अज्ञानाची नसते, संवयीची असते. वस्तु कोणासाठीं करावयाची, ती कशासाठीं हवी, हे प्रश्न त्यानें विचारलेलेच नसतात.

या शिक्षणाचें दुसरें अंग म्हणजे कल्पना सुचणें आणि तिची पारख करणें या दोन क्रिया वेगळ्या ठेवणें. अमेरिकेंतीलच अॅलेक्स ऑसबर्न यांनीं या तत्त्वावर विशेष भर दिला. कल्पना पुरती उमलण्यापूर्वींच “हें जमणार नाहीं” असें म्हटलें, कीं ती तेथेंच कोमेजते. म्हणून आधीं पुष्कळ कल्पना जमवावयाच्या आणि मग त्या निष्ठुरपणें पारखावयाच्या.

यावर असा आक्षेप येईल, कीं अशानें विद्यार्थी मनोराज्यांत रमतील व शास्त्राचा कांटेकोरपणा सुटेल. पण त्या ग्रहावरही बलाचे आणि गतीचे नियम तेच असतात. अकरापट वजन पेलणारा सांगाडा हिशेब केल्यावांचून उभा राहत नाहीं. मोकळीक कल्पनेला आहे, गणिताला नाहीं. खरी कसोटी लागते ती शिक्षकाची. आपल्या वहींत नसलेलें उत्तर विद्यार्थ्यानें आणलें, तर तें न झिडकारतां तपासून पाहण्याचें धैर्य त्याच्या अंगीं असावें लागतें.

आर्नोल्ड १९५७ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांत गेले आणि १९६३ सालीं त्यांचें अकालीं निधन झालें. परंतु त्यांनीं घालून दिलेली दिशा तेथें पुढेंही चालू राहिली. स्वातीच्या पावसाचा थेंब शिंपल्यांत पडला म्हणजे त्याचा मोती होतो, अशी जुनी समजूत आहे. परंतु त्यासाठीं शिंपला उघडा असावा लागतो. तो मिटून टाकणारें शिक्षण कितीही कष्टानें दिलें, तरी त्यांतून मोतीं निपजणार नाहींत.