विलायती सोबती (भाग ६) : नाकापेक्षा मोती जड

मागच्या आठवड्यातल्या बॉर्डर कोलीचं गणित सोपं होतं. त्याला काम हवं, मैदान हवं. ते देणं जमणार नसेल तर त्याला घरी आणू नये. या आठवड्याची मंडळी नेमकी उलट्या टोकाची आहेत. फ्रेंच बुलडॉग, इंग्लिश बुलडॉग आणि पग. यांना मैदान लागत नाही, भुंकणं बेताचं, लहान मुलांशी चटकन जमतं, फ्लॅटमध्ये सहज मावतात. लंडन परिसरात हॅरोत किंवा स्लाउमध्ये दोन खोल्यांत संसार करणाऱ्या मराठी कुटुंबात मुलांनी कुत्र्याचा हट्ट धरला, की पहिलं बोट यांच्याकडेच जातं. एकटं मराठी कुटुंब तरी कशाला? २०१८मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबच्या नोंदणीत फ्रेंच बुलडॉगने वर्षानुवर्षं अव्वल असलेल्या लॅब्रॅडॉरला मागे टाकलं. आपल्याकडे ही लाट त्याआधीच येऊन गेली होती. २००३मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत तो पग एका पोराच्या मागे मागे चालला आणि पुण्या-मुंबईतच नव्हे, तर नागपूरच्या उन्हाळ्यातसुद्धा पग पाळले जाऊ लागले.

नागपूरच्या उन्हाळ्यात पग! व्हेटच्या छातीत धडकी भरावी अशीच ही गोष्ट आहे. का, ते समजायला या कुत्र्याच्या नाकात शिरावं लागेल.

माणसाने पिढ्यान् पिढ्या आखूड चेहऱ्याची पिल्लं निवडली, तशी कवटी आखूड झाली. पण कवटीच्या आतलं मांस त्या प्रमाणात कमी झालं नाही. खोली निम्मी करावी आणि सतरंजी पूर्वीचीच अंथरावी, तसा प्रकार. मऊ टाळू लांब राहून घशात लोंबते, नाकातल्या घड्या एकमेकींवर चढतात, नाकपुड्यांच्या जागी नुसत्या चिरा उरतात. बुलडॉगमध्ये श्वासनलिकाही अनेकदा अरुंद असते. प्रत्येक श्वास ओढून घ्यावा लागतो आणि त्या ओढण्याने घशातला भाग सुजतो, मग वाट आणखी बारीक होते. त्यात कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. अंग गार ठेवायचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे धापणं. ज्याला धड धापताच येत नाही, तो उन्हात तापतच जातो.

म्हणून सोफ्यावर पसरून घोरणाऱ्या पगचा व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकून 'आजोबांसारखा घोरतो' म्हणून हसण्यात अर्थ नाही. ते घोरणं म्हणजे अडलेला श्वास आहे. 'या जातीचे असेच घोरतात' हे वाक्य मालकांच्या तोंडी इतकं बसलंय, की दुखणं दिसत असूनही कुणी त्याला दुखणं म्हणत नाही.

पग पहिल्यापासून असाच होता का? मुळीच नाही. टेट या ब्रिटिश कलासंग्रहालयाच्या संग्रहात विल्यम होगार्थ या चित्रकाराने १७४५ साली पूर्ण केलेलं स्वतःचं चित्र आहे. त्यात पुढ्यात बसलेला त्याचा लाडका पग नीट बघा. कुत्र्याचं नाव ट्रम्प (कृपया कुणी अर्थ काढू नये). त्याला चक्क तोंड आहे. पुढे आलेलं, जबडा दिसणारं, आजच्या पगपेक्षा कितीतरी लांब. बुलडॉगची कथा वेगळ्या वाटेने तिथेच पोचते. बांधलेल्या बैलावर कुत्रे सोडण्याच्या खेळासाठी तो घडवला गेला. १८३५च्या कायद्याने तो खेळ बंद झाला आणि बुलडॉग बेकार झाला. पुढे १८५९मध्ये न्यूकॅसलला पॉइंटर आणि सेटर या शिकारी कुत्र्यांचं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं. बक्षीस बंदुकांचं होतं. १८७३मध्ये केनेल क्लब निघाला, १८९१पासून क्रफ्ट्स हे कुत्र्यांचं प्रदर्शन भरू लागलं. शेतात, शिकारीत किंवा आखाड्यात जोखला जाणारा कुत्रा आता गालिच्यावर, दिसण्यावर जोखला जाऊ लागला. रुंद डोकं चांगलं, तर आणखी रुंद आणखी चांगलं. आज इंग्लिश आणि फ्रेंच बुलडॉगची ब्रिटनमधली पाचातली चारांहून अधिक बाळंतपणं सिझेरियनने होतात, कारण पिल्लाचं डोकं आईच्या कमरेतून निघत नाही. शस्त्रक्रियेवाचून जिची वीण पुढे सरकत नाही, ती जात 'शुद्ध' म्हणवते, याला काय म्हणावं?

२००८मध्ये बीबीसीवर जातिवंत कुत्र्यांच्या दुखण्यांवरचा 'पेडिग्री डॉग्ज एक्स्पोज्ड' हा माहितीपट दाखवला गेला आणि मोठं वादळ उठलं. पुढच्या वर्षी बीबीसीने क्रफ्ट्सचं प्रक्षेपणच सोडून दिलं. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या व्हेटकंपास प्रकल्पाने २०२२मध्ये ३० हजारांवर कुत्र्यांच्या मृत्यूच्या नोंदींवरून आयुर्मान काढलं. जॅक रसेल टेरियरचं १२.७ वर्षं आलं, इंग्लिश बुलडॉगचं ७.४, आणि फ्रेंच बुलडॉगचं अवघं ४.५. शेवटचा आकडा जरा सांभाळून घ्यायला हवा, कारण ही जात अलीकडेच वाढल्याने नोंदींत तरुण कुत्रे फार आहेत. तरीही धक्का बसायचा तो बसतोच.

आता ज्यांच्या घरी हा पाहुणा आधीच आला आहे, त्यांच्यासाठी. वजन हा पहिला मुद्दा आणि दुसरा, तिसराही तोच. गळ्याभोवती चरबी चढली की आधीच चिंचोळी वाट आणखी आवळते. आजी आल्या की पोळीचे तुकडे सुरू होतात, ते प्रेमाने पण ठामपणे थांबवा. गळ्यात पट्टा नको, छातीवरून जाणारा हार्नेस घ्या. इंग्लंडमध्ये ऊन कुठलं, असं म्हणून गाफील राहू नका. १९ जुलै २०२२ला लिंकनशायरमधल्या कॉनिंग्जबीत पारा ४०.३ अंशांवर गेला होता, आणि इथल्या बहुतेक घरांत ना एसी, ना छताला पंखा. उन्हाळ्यात फिरणं भल्या सकाळी किंवा उशिरा संध्याकाळी. धाप थांबेना, जीभ निळसर दिसू लागली, चाल लटपटली, तर अंगावर गार पाणी ओतत, वारा घालत लगेच व्हेटकडे न्या.

चेहऱ्यावरच्या घड्या रोज ओल्या कापसाने पुसून पूर्ण कोरड्या करायच्या. ओल राहिली की वास येतो, मग जखम होते. डोळे बाहेर आलेले असल्याने बुबुळाला ओरखडा चटकन जातो. एक डोळा मिचकावतोय असं दिसलं, तर उद्यावर ढकलू नका. नाकपुड्या रुंद करण्याची आणि टाळू आखूड करण्याची शस्त्रक्रिया होते, वेळेवर केली तर चांगला उपयोगही होतो. पण विमा आधी काढा, कारण आधीच नोंदलेल्या आजाराचा खर्च विमा कंपन्या सहसा देत नाहीत. आणि भारतात परतायचा विचार मनात असेल, तर आजच लक्षात घ्या की चपट्या नाकाचे कुत्रे सामानकक्षातून न्यायला अनेक विमान कंपन्या नकार देतात.

ज्यांना अजून घ्यायचा आहे त्यांना एक हत्यार उपलब्ध आहे. केनेल क्लब आणि केंब्रिज विद्यापीठाने २०१९मध्ये श्वासाची प्रतवारी सुरू केली. तपासणी अगदी साधी. प्रशिक्षित व्हेट स्टेथोस्कोपने घसा ऐकतो, कुत्र्याला तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवतो, पुन्हा ऐकतो. आवाज वाढला का, घरघर आली का, यावरून ० ते ३ अशी प्रत ठरते. ० म्हणजे मोकळा श्वास, ३ म्हणजे त्याची वीण करूच नये. ब्रीडरला पिल्लाच्या आईबापांची प्रत विचारा. तो सुरेख वंशावळ दाखवेल. वंशावळ श्वास घेत नाही.

आई बघितल्याशिवाय पिल्लू घेऊ नका. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२०पासून सहा महिन्यांखालची पिल्लं दलालामार्फत विकायला बंदी आहे. या कायद्याला 'लूसीचा कायदा' म्हणतात. लूसी ही वेल्समधल्या एका पिल्लांच्या कारखान्यातून सोडवलेली कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनिएल होती. आईला अंगणात पाच मिनिटं चालवायला सांगा आणि कान देऊन ऐका. ती घरघरत असेल तर पिल्लू कितीही गोंडस असो, नमस्कार करून निघा. 'दुर्मीळ रंग' अशी जाहिरात असेल तर आत शिरूच नका.

मांजरांची हीच गोष्ट, फक्त आवाज नाही. १८७१मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन विअरने मांजरांचं मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हापासून त्यांचीही निवड दिसण्यावर सुरू झाली. आजच्या चपट्या पर्शियनचं नाक डोळ्यांच्या रेषेत बसलेलं असतं. अश्रूंची नळी वाकडी होते, म्हणून डोळे सतत गळतात आणि गालांवर तपकिरी ओघळ पडतात. ते रोज पुसायचे, लांब केस रोज विंचरायचे. कुत्रा घोरून निदान सांगतो तरी. मांजर खेळणं सोडून झोपून राहतं आणि आपण म्हणतो, किती शांत! मांजर तोंड उघडून श्वास घेताना दिसलं तर ती थेट तातडीची वेळ समजा. पर्शियन आणि तिच्याशी रक्तसंबंध असलेली ब्रिटिश शॉर्टहेअर घेताना आईबापांची मूत्रपिंडातल्या गाठींसाठीची डीएनए चाचणी मागा.

स्कॉटिश फोल्डबद्दल मात्र मी सल्ला देत नाही, सरळ नको म्हणतो. १९६१मध्ये पर्थशायरात कूपर अँगसजवळच्या शेतावर सूझी नावाची दुमडल्या कानांची मांजरी सापडली, तिचीच ही संतती. कान दुमडतात कारण कूर्चा सदोष असते, आणि तोच दोष सांध्यांतही असतो. घोटे सुजतात, शेपूट ताठ होते, मांजर उडी टाळतं. ब्रिटनमधल्या मांजरांच्या मुख्य नोंदणी संस्थेने ही जात कधीच नाकारली आहे. तरीही फोटोंपायी तिची मागणी जगभर टिकून आहे.

इथली बहुतेक मांजरं कुठल्याच जातीची नसतात. इंग्रज त्यांना 'मॉगी' म्हणतात. बॅटरसी, कॅट्स प्रोटेक्शन, आरएसपीसीए यांच्या आश्रयगृहांत अशी मांजरं आणि मिश्र रक्ताचे कुत्रे घराची वाट बघत असतात. पहिल्यांदाच प्राणी पाळणाऱ्यांनी सुरुवात तिथून करावी, हे माझं स्पष्ट मत आहे. चपटं नाकच हवं असेल, तर निदान आश्रयगृहातलं आणा, म्हणजे नवी वीण करणाऱ्याच्या खिशात तुमचे पैसे जाणार नाहीत.

पुढच्या आठवड्यात : लॅब्रॅडॉर, आणि त्याची कधीच न भागणारी भूक.