ज्ञानकोश घडताना : ‘छो’ची खूण

लेख मंजूर कसा होतो ते गेल्या आठवड्यात पाहिलं. मंजुरी मिळाली, पान बंद झालं, आणि दुसऱ्याच दिवशी कुणाच्या तरी नजरेला ‘दक्षीण’ खुपतं. आता एका वेलांटीसाठी सगळ्या परीक्षकांना पुन्हा बसवायचं का?

लॅरी सँगर यांच्या सिटिझेंडियम या ऑनलाइन ज्ञानकोशाने यावर तोड काढली होती. मंजूर प्रतीला कुलूप, आणि शेजारी तिचाच मसुदा सगळ्यांना खुला. दुरुस्त्या मसुद्यात करायच्या आणि अधिकार असलेल्याने त्या मंजूर प्रतीत न्यायच्या. मराठी विकिपीडियावर बहुतेक पानं उघडीच असतात. तिथे संपादकाने ‘छोटा बदल’ अशी खूण केली की इतिहासात नोंदीपुढे ‘छो’ उमटतो. खातं नसलेल्याला ही खूण करता येत नाही, आणि ते बरंच आहे. कारण अलीकडील बदल पाहताना बरेच जण छोटे बदल लपवूनच ठेवतात. पान सुरक्षित असेल तर चर्चापानावर विनंती टाकायची: अमुक ओळीतलं अमुक काढा, तमुक घाला. ‘लेखात फार चुका आहेत, कृपया लक्ष द्यावे’ ही विनंती नव्हे, नुसती कुरकुर. प्रचालकाने त्यावर करायचं तरी काय?

खरी गोची वेगळीच आहे. छोटं म्हणजे किती छोटं? अक्षरं मोजून ते ठरत नाही. ग्वाल्हेरवरचाच लेख घ्या. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याखाली छावणी टाकली, तिचंच पुढे लष्कर हे शहर झालं. या परिच्छेदातले ऱ्हस्वदीर्घ, स्वल्पविराम आणि दोनदा पडलेलं ‘आणि आणि’ असं सगळं सुधारलं तर जुन्या-नव्या प्रतींच्या तुलनेत अख्खा परिच्छेद बदललेला दिसेल. तरीही बदल छोटाच.

आता किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरातला शिलालेख पाहा. शून्याच्या जुन्या लेखनासाठी तो जगभर नावाजलेला आहे. २७० हात लांब आणि १८७ हात रुंद अशी फुलबाग, देवाला रोज ५० माळा, असा त्यातला हिशेब. लेखात साल इ. स. ८७६ दिलेलं असतं. दगडावर मात्र आहे ९३३, कारण ते विक्रम संवत. दगडाचा फोटो पाहिलेला एखादा उत्साही वाचक ८७६ खोडून ९३३ करतो, वर ‘छो’ची खूण ठेवतो. तीन आकडे बदलले आणि शिलालेख ५७ वर्षांनी धाकटा झाला! खूण असल्यामुळे फारसं कुणी उघडूनही पाहत नाही.

झाशीच्या राणीच्या मृत्यूची तारीख याहून अवघड. ब्रिटिश लष्करी वृत्तांतांत ग्वाल्हेरजवळच्या कोटा की सराईची चकमक १७ जून १८५८ ची. आठव्या हुसार रिसाल्यातल्या चौघांना त्या दिवसासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले, आणि राणी त्याच दिवशी पडल्याचं त्या बाजूने लिहिलं जातं. ग्वाल्हेरला फुलबागेजवळच्या समाधीपाशी बलिदान दिन पाळतात तो १८ जूनला. मराठी पुस्तकांतही दोन्ही तारखा सापडतात. त्यामुळे ७ चा ८ करणारा आणि ८ चा ७ करणारा, दोघेही आपण टंकनदोष सुधारतोय असंच समजतात. माझ्या मते इथे ‘छो’ला साफ मनाई हवी. दोन्ही तारखा ठेवायच्या, कोणती कुठून आली ते लिहायचं. आणि पान मंजूर असेल तर हा बदल वेलांट्यांच्या गठ्ठ्यात न घालता परीक्षकांकडेच पाठवायचा, मग त्याला महिना लागला तरी चालेल.

(पुढील आठवड्यात : चर्चापानावरची भांडणं)