बाईंना शंका आली, मग पुढे?

बदलापूरच्या त्या दोन मुलींना अजून लिहिता येत नव्हतं. बालवर्गातल्या, जेमतेम तीन-चार वर्षांच्या. ऑगस्ट २०२४मध्ये त्यांच्याच शाळेच्या शौचालयात त्यांच्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचं उघड झालं. आरोप होता कंत्राटी पद्धतीने नुकत्याच नेमलेल्या एका सफाई कर्मचाऱ्यावर. २० ऑगस्टला लोक बदलापूर स्थानकात रुळांवर उतरले आणि कित्येक तास लोकल हलली नाही. दुसऱ्याच दिवशी शालेय शिक्षण विभागाचा शासन निर्णय निघाला. त्यात सीसीटीव्ही होते, तक्रारपेटी होती, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी होती, विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती होती. यातलं बरंचसं जुनंच. तक्रारपेटीचा आदेश २०१७चा, सखी सावित्री समितीचा २०२२चा.

या गोष्टी नकोत असं कुणी म्हणणार नाही. पण पेटीत चिठ्ठी टाकायला अक्षर यावं लागतं, आणि कॅमेरा शौचालयाच्या दाराबाहेरच थांबतो. चार वर्षांच्या मुलीची तक्रार तिच्या चालण्यात असते, डबा न खाण्यात असते, ‘मला शू लागली नाही’ असं दिवसभर म्हणत राहण्यात असते. ती वाचू शकणारं माणूस शाळेत लागतं.

बदलापूरचा आरोपी पुढच्याच महिन्यात पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला आणि सगळी चर्चा तिकडे वळली. त्याच प्रकरणातली दुसरी बाजू त्यामानाने झाकली गेली. संस्थेचे पदाधिकारी आणि मुख्याध्यापिका यांच्यावरही गुन्हा नोंदवला गेला होता. प्रकार कळूनही पोलिसांना कळवलं नाही, हा तो आरोप. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा पोलिसांच्या दिरंगाईबरोबरच शाळेच्या या गप्प राहण्यावरही ताशेरे ओढले.

न कळवणं हा गुन्हा आहे, हे अजूनही अनेक शिक्षकांना धक्कादायक वाटतं. २०१२चा पॉक्सो कायदा, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण करणारा कायदा, लागू होऊन बारा वर्षांहून अधिक काळ लोटला. त्याच्या कलम १९प्रमाणे असा गुन्हा घडेल अशी भीती वाटली किंवा घडल्याचं समजलं, तर कोणत्याही व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला कळवायलाच हवं. ‘कोणत्याही व्यक्तीने’ हे शब्द महत्त्वाचे. वर्गशिक्षिकेने मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं की तिची जबाबदारी संपली, असं कायदा कुठेही म्हणत नाही. न कळवल्यास कलम २१खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंडही.

याबाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा एक महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातल्याच प्रकरणात लागला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात एका शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचं २०१९मध्ये बाहेर आलं. मुलींच्या उपचारांसाठी नेमलेल्या डॉक्टरने माहिती असून कळवलं नाही, असा ठपका होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्यावरची कारवाई रद्द केली. नोव्हेंबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला. गुन्हा कळूनही गप्प बसणं म्हणजे कायद्याचा हेतूच हाणून पाडणं, असा त्या निकालाचा रोख आहे. वेळेत कळवलं नाही तर वैद्यकीय पुरावा पुसला जातो, आणि अत्याचार करणारा तिथेच वावरत राहतो.

तो अनेकदा ओळखीतला असतो. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत महाराष्ट्रासह तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलणं झालं होतं. त्यातल्या ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं. त्यात मुलगे निम्म्याहून जास्त होते. जवळपास निम्म्या घटनांत त्रास देणारा माणूस मुलाच्या ओळखीचा किंवा विश्वासातला होता, आणि बहुतेक मुलांनी तोवर कुणाकडे अवाक्षर काढलं नव्हतं. घरातलाच माणूस असेल तर मूल घरात सांगणार कुणाला? मग दिवसातले पाच-सहा तास त्याला पाहणारं दुसरं मोठं माणूस उरतं ते शाळेतलं.

म्हणून प्रशिक्षण. २०२०च्या पॉक्सो नियमांनी शाळांसह मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेवर दोन गोष्टी बंधनकारक केल्या आहेत: कायम असो वा कंत्राटी, प्रत्येक कर्मचाऱ्याची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी आणि ठरावीक काळाने प्रशिक्षण. पडताळणीचा कागद मिळतो, फायलीला लागतो. पण आधी कधीच न पकडला गेलेला माणूस त्या कागदावर निष्कलंकच दिसतो. प्रशिक्षणाचं मोल इथे कळतं. सभागृहात तासभर भाषण, हजेरीपटावर सह्या आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवायला एक फोटो, एवढ्याने मात्र ते होत नाही.

पहिला प्रश्न बोलावायचं कुणाला हा. शिक्षक तर हवेतच, पण बालवर्गातल्या मुलांना शौचालयात नेणाऱ्या मावशीही हव्यात. घंटा देणारे शिपाईमामा वर्गाबाहेर रेंगाळणारा मुलगा सगळ्यांच्या आधी पाहतात. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना कोण जेवत नाही ते ठाऊक असतं. व्हॅनकाकांना कोणतं मूल कोणत्या घरापाशी उतरताना रडतं ते दिसतं. या मंडळींना शाळेच्या बैठकीत बहुतेक वेळा खुर्चीच नसते. मावशीने काही पाहिलंच तर ते बाईंना सांगायला तिची जीभ रेटत नाही. तिची नोकरी कंत्राटी, बाईंची कायम. ‘लहान तोंडी मोठा घास’ या भीतीने जे गिळलं जातं, त्याचा हिशेब कुठल्याच अहवालात येत नाही.

दुसरा प्रश्न पाहायचं काय. गुडघे-कोपरं फुटणं हे खेळण्याचं लक्षण. पाठीवर, मांड्यांवर, कानामागे वळ असतील आणि ते वेगवेगळ्या दिवसांचे, वेगवेगळ्या रंगांचे असतील तर थांबून पाहायला हवं. बसताना दुखणं, अंथरूण ओलं करण्याची सुटलेली सवय परतणं, एका विशिष्ट माणसाला किंवा जागेला घाबरणं, वयाला न शोभणारी लैंगिक माहिती बोलण्यात किंवा चित्रात येणं, बडबड्या मुलाने अचानक मिटून जाणं, मोठ्या मुलीकडे कुणी दिला ते न सांगता येणारा मोबाइल दिसणं. यातलं एकही लक्षण एकट्याने काही सिद्ध करत नाही. आईवडिलांची भांडणं, आजारपण, नवं भावंड यांनीही मूल असं वागू शकतं. पाहायचा असतो तो बदल, आणि तो त्यालाच दिसतो ज्याला मुलाचं नेहमीचं रूप माहीत आहे. साठ-सत्तरच्या वर्गात ते किती जमतं, हा प्रश्न शिक्षकांनी विचारला तर तो रास्तच आहे.

लैंगिक अत्याचाराइतकंच मारहाणीचं. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली आहे. तरी ‘छडी लागे छमछम’ अभिमानाने म्हणणारे अजून आहेत. जिथे बाईच्या हाताचीच भीती आहे, तिथे मूल घरातला मार बाईला दाखवेल कसं?

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड. मूल बोललंच, तर? घाबरलेलं माणूस चटकन आश्वासन देतं: ‘सांग, मी कुणाला नाही सांगणार.’ ते पाळता येणार नाही, म्हणून देऊ नये. ‘सांगितलंस ते चांगलं केलंस, तुझी काही चूक नाही, आता मला मदतीला आणखी माणसं बोलवावी लागतील,’ एवढं पुरतं. ‘त्या काकांनीच केलं ना?’ असं विचारलं की मूल मान डोलावतं आणि पुढे न्यायालयात ते बाईंनी तोंडात घातलेलं उत्तर ठरू शकतं. ‘मग काय झालं?’ इतकंच विचारावं आणि थांबावं. नंतर मुलाचे शब्द जसेच्या तसे, त्याच्याच बोलीत, तारीख-वेळेसह वहीत उतरवावेत. त्याने एखाद्या अवयवाला घरगुती नाव वापरलं असेल तर तेच लिहावं.

इथून पुढे शाळा हमखास चुकतात. मुलाला मुख्याध्यापकांच्या खोलीत नेऊन पुन्हा सांगायला लावतात, संस्थाचालक आल्यावर तिसऱ्यांदा. आणि मग आपल्याकडचा जुना न्याय: ‘दोघांना समोरासमोर घ्या.’ ज्याच्या भीतीने मूल आठवडाभर जेवलं नाही, त्याच्यासमोर उभं राहून त्याने खरं बोलावं अशी अपेक्षा. मूल गप्प बसतं, आणि ‘बघा, काहीच झालं नव्हतं’ म्हणून प्रकरण मिटतं. शोध घेणं हे शाळेचं काम नाही. खात्री पटेपर्यंत थांबावं हा शिक्षकी पेशाचा चांगला संस्कार इथे मुलाच्या मुळावर येतो.

थांबण्यामागे भीतीही असते. आरोप खोटा निघाला तर? कोर्टकचेरी मागे लागली तर? शाळेचं नाव खराब झालं तर? सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही, ही तरतूद कलम १९मध्येच आहे. पुढचं चित्रही अनेकांना वाटतं तितकं भयंकर कायद्याने ठेवलेलं नाही. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवायचं नाही. पोलिसांनी चोवीस तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं. पोलीस ठाण्याची पायरी चढायला धीर होत नसेल तर १०९८ हा बालमदत क्रमांक आहेच. प्रत्यक्षात हे सगळं दर वेळी होत नाही. बदलापुरात गुन्हा नोंदवून घेण्यासाठीच पालकांना तास न् तास ताटकळावं लागलं. शाळेला नियम माहीत असले तर पालकांच्या बाजूने उभं राहून ते पाळायला लावता येतात.

एक गुंता प्रशिक्षणात टाळला जातो. सतरा वर्षांच्या मुलीचं वर्गातल्या मुलावर प्रेम आहे आणि त्यातून शारीरिक जवळीक झाली, तर तेही कायद्याच्या चौकटीत गुन्हा ठरू शकतं, कारण अठराखालच्या संमतीला कायदा जागा देत नाही. अशा वेळी बाईंना सांगितलं तर पोलीस येतील, हे कळल्यावर मुली बाईंशी बोलणंच सोडतात. यावर सोपं उत्तर नाही, पण शिक्षकांना या पेचात एकटं सोडणंही बरोबर नाही.

आणि तक्रारीनंतरचा सोमवार. मूल शाळेत परत येतं तेव्हा शिक्षकखोलीत कुजबुज सुरू असते, दुसऱ्या वर्गाच्या बाई दारातून डोकावून ‘तीच का?’ विचारतात. ओळख उघड करायला कायद्याची मनाई आहे आणि ती शाळेच्या भिंतींच्या आतही पाळायला हवी. ज्यांना माहीत असणं गरजेचं आहे अशा दोन-तीन जणांपलीकडे गोष्ट जाऊ नये. शौचालयात तिला सोबत न्यायला तिने स्वतः निवडलेली मावशी असावी. बाकी तिची जागा तीच, शेजारीण तीच, आणि हजेरी घेताना तिचं नाव रोजच्याच सुरात, रोजच्याच क्रमाने.