स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचे किरणोपचार

स्तनाचा कर्करोग म्हणजे संपूर्ण स्तन काढावाच लागणार, ही समजूत आजही अनेक कुटुंबांत आढळते. या धास्तीने काही भगिनी हाताला लागलेली गाठ घरात सांगतही नाहीत. वैद्यकशास्त्र मात्र बरेच पुढे गेले आहे. विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे आप्तेष्ट यांच्या माहितीसाठी हा बदल येथे थोडक्यात मांडत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील डॉ. विल्यम हॉलस्टेड यांनी रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत स्तनासह छातीचे स्नायू व काखेतील ग्रंथीही काढल्या जात. पुढे इटलीत डॉ. उंबेर्तो व्हेरोनेसी आणि अमेरिकेत डॉ. बर्नार्ड फिशर यांनी स्तन वाचविणाऱ्या शस्त्रक्रियेची संपूर्ण स्तन काढण्याशी तुलना केली. वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे त्यांचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. रोग सुरुवातीच्या टप्प्यात असल्यास दोन्ही पद्धतींत रुग्णांच्या आयुर्मानात फरक पडत नाही, असे त्यांतून स्पष्ट झाले.

काखेतील शस्त्रक्रियाही आता मर्यादित झाली आहे. विशिष्ट द्रव्याच्या साहाय्याने गाठीकडून येणारा प्रवाह प्रथम ज्या ग्रंथींत पोहोचतो, त्या शोधून तपासतात. त्या निर्दोष असल्यास उर्वरित ग्रंथी राखल्या जातात व हाताला सूज येण्याचा धोका कमी होतो.

मात्र स्तन वाचविल्यानंतर सामान्यतः किरणोपचार आवश्यक असतात. डॉ. फिशर यांच्या अभ्यासात केवळ गाठ काढलेल्या ३९.२ टक्के स्त्रियांच्या त्याच स्तनात वीस वर्षांत रोग पुन्हा उद्भवला. किरणोपचार घेतलेल्यांत हे प्रमाण १४.३ टक्के होते.

येथेच व्यवस्थापनाचा प्रश्न उभा राहतो. शस्त्रक्रियेचे बिल एकदाच येते. किरणोपचारांचा भार मात्र दररोज वाढतो. परगावचा मुक्काम, सोबतीच्या माणसाचा बुडालेला रोजगार, घरी राहिलेली मुले यांची नोंद कोणत्याही बिलात होत नाही. हा भार पेलणार नाही म्हणून वाचू शकणारा स्तनही काढून टाकण्याचा निर्णय काही कुटुंबांना घ्यावा लागतो.

दिलासा असा, की पूर्वी पाच आठवडे चालणारे हे उपचार आता अनेक रुग्णांना तीन आठवड्यांत देता येतात. निवडक रुग्णांसाठी एका आठवड्यातील पाच मात्राही पुरेशा ठरतात, असे ब्रिटनमधील अभ्यासातून २०२० साली दिसून आले. कोणत्या रुग्णास काय योग्य, हे अर्थातच तज्ज्ञ डॉक्टरच ठरवतील.

देणगी म्हटली की यंत्र किंवा खाट डोळ्यांसमोर येते, आणि त्यांची गरज आहेच. परंतु एका रुग्णाच्या व तिच्या सोबत्याच्या तीन आठवड्यांच्या निवास-भोजनाची सोय झाली, तर तीही उपचारांचाच भाग ठरते. रुग्णांच्या आप्तेष्टांना एवढीच विनंती, की गाठ लक्षात येताच तपासणी करून घ्यावी आणि शस्त्रक्रियेनंतरचे उपचार अर्धवट सोडू नयेत.