माणसं हटवली की जंगल वाचतं?

गुरं-माणसं बाहेर काढा, निसर्ग आपोआप सावरेल, हा समज शहरांत फार पक्का आहे. राजस्थानातल्या भरतपूरला तो तपासून झालाय. केवलादेव घाना ही पाणथळ जागा राष्ट्रीय उद्यान झाली आणि १९८२ मध्ये तिथली चराई बंद झाली. गावकरी चिडले, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. पुढचं ऐका. म्हशी पाण्यात उतरून जे पास्पॅलम गवत फस्त करायच्या, ते आता मोकाट माजलं. तळ्यांवर त्याची जाड साय धरली आणि बदकांना उघडं पाणीच उरेना. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासाअंती निष्कर्ष निघाला की चराईबंदीनं पक्ष्यांचं नुकसानच झालं. गंमत म्हणजे बंदीचा आग्रह मुळात पक्षीतज्ज्ञांचाच होता. अर्थात म्हणून प्रत्येक कुरण गुरांना मोकळं करावं असं नाही. अतिचराईनं बोडके झालेले माळ आपल्याकडे थोडे नाहीत.

नकाशावर अभयारण्याची रेघ मारली की पक्षी वाचतो, हा दुसरा समज. माळढोकासाठी १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. त्यात गावंच्या गावं आली, लोकांची मालकीची शेतं आली. जमिनीचा व्यवहार करायचा तर अडचण, बांधकाम करायचं तर अडचण. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. ते टिकायला तिला आजूबाजूच्या माणसांची मर्जी लागते. आणि आपण नेमकी तीच घालवली. पक्षी शिवारात दिसला तर जमीन अडकेल, ही भीती शेतकऱ्याच्या मनात बसली. पुढे अभयारण्य सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं, पण तोवर माळढोक बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते. कोरडवाहू ज्वारीच्या जागी ऊस आला, तोही त्याच्या मुळावर उठला.

‘गावाच्या ताब्यात जंगल दिलं तर विकून खातील’ असं म्हणणाऱ्यांनी गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला जावं. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गोंड गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू बाहेर न्यायचा वाहतूक परवाना वनखात्याच्याच हाती होता. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले, तेव्हा परवाना पुस्तक ग्रामसभेकडे आलं. बांबूच्या रांजीत कोवळे कोंब राखून जुने बांबू काढले तर ती वर्षानुवर्षं देत राहते, सगळंच ओरबाडलं तर मरते. ठेक्यावर आलेल्याला पुढच्या हंगामाशी देणंघेणं नसतं, गावाला असतं. शिवाय इथे निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वसहमतीनं होतो. वेळ लागतो, पण नंतर कुणी चोरून कुऱ्हाड चालवायला धजावत नाही.

याचा अर्थ खेड्यातली माणसं जन्मतःच निसर्गपूजक असतात, असा कुणी काढू नये. तोही गैरसमजच, जरा गोड इतकंच. कोकणातल्या आणि सह्याद्रीतल्या कित्येक देवराया देवाच्या धाकानं टिकल्या. काही मात्र त्याच देवाच्या जीर्णोद्धारासाठी तुटल्या. झाडं विकायची, देवळावर स्लॅब टाकायचा. वर्गणी बरेचदा मुंबईच्या चाकरमान्यांची, ठराव गावातल्या पुरुषांचा. राईतल्या झऱ्यावर पाणी भरणाऱ्या बायकांना त्या बैठकीचं बोलावणं बहुधा गेलेलंच नसतं.